ओट्याच्या मापाची दोरी

व्यंकटरावाच्या पिकअपमध्ये एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसताना दहा वेळा विचार करायचा. लोह्याकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर तिचा खडखडाट लांबूनच ऐकू यायचा, आणि आत बसलेल्याची हाडं त्याच्याही आधी वाजायला लागायची. पण हे व्यंकटरावाला सांगायची सोय नव्हती. त्याच्या मते तक्रार करणारा माणूसच नाजूक असायचा. गाडी घेतली त्याच वर्षी त्यानं उदगीरला शरणप्पा मिस्त्रीकडं जाऊन मागच्या चाकांवरच्या कमानीत जादा लोखंडी पाटे टाकून घेतले होते. अर्धापूरची केळी गच्च भरून उदगीरच्या बाजारात न्यायची, तर गाडी मागून बसता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. इतरांच्या गाड्या माल पडला की मागून खाली टेकायच्या, याची ताठ उभी. चौकात गाडी लावून तो लोकांना मुद्दाम मागच्या बाजूला नेऊन दाखवायचा आणि विचारायचा, वाकली का? लोकही चहा थंड होऊ नये म्हणून नाही म्हणायचे.

त्या गाडीत सगळ्यात जास्त बसली ती केवळाबाई, त्याची बायको. लेक पुनम अर्धापुरात दिलेली, त्यामुळं केळीच्या खेपेला निघाला की ही पिशवी भरून तयारच असायची. एक हात दाराच्या वरच्या दांडीला, दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. खड्डा आला की "अगं माय" म्हणायची, आणि हा हसायचा. इतकी वर्षं दोघांचा संसार असाच चालला होता, आणि त्यात वाईट काही होतं असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

मग तिची कंबर दुखायला लागली. आधी तेल झालं, मग गोळ्या, मग लोह्याचा डॉक्टर, आणि शेवटी लातूरचा मोठा दवाखाना. आजाराचं नाव घ्यायची गावात पद्धत नाही. "ती मोठी बीमारी" म्हणतात आणि आवाज खाली आणतात. ती केवळाबाईच्या मणक्यांपर्यंत पोचली होती. दर मंगळवारी लातूरला आणायचं ठरलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं की मणके भुसभुशीत झालेत, एक जोराचा धक्का बसला तर पाय कायमचे जातील. तेव्हा काय वाटेल ते करा, पण धक्का बसू देऊ नका.

लातुरात पंख्याखाली बसून हे म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं रस्ता एका टोकाकडून नवा करत येतात, तोवर दुसऱ्या टोकाकडून तो जुना होत गेलेला असतो. जिथं खड्डा नाही तिथं गतिरोधक, आणि जिथं दोन्ही नाहीत तिथं पूल अर्धवट. त्यावरून धक्का न लागता माणूस न्यायचा म्हणजे काय, हे व्यंकटरावाइतकं कुणाला ठाऊक? तो त्या खोलीत मान हलवत उभा राहिला. बाहेर आल्यावर पिकअपच्या मागं जाऊन त्यानं जादा पाटे मोजले.

लोकांनी पुष्कळ सुचवलं. कार करा म्हणाले. एकदा केली, कारची सीट इतकी खाली, की केवळाबाईला कंबरेत वाकून आत शिरता येईना, आणि ती भर रस्त्यात लहान मुलासारखी रडली. जीपला पाय उचलून चढावं लागतं, आणि पाय तर उचलायचाच नव्हता. उचलून ठेवू म्हणावं तर परक्या माणसांनी उचललेलं तिला चालत नव्हतं. त्यात नवऱ्याची स्वतःची पाठ केळीचे घड वाहून गेलेली. शेवटी तिनंच मार्ग दाखवला. घराच्या ओट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली की ओटा आणि आपल्या गाडीची सीट एका उंचीचीच दिसते. व्यंकटरावानं डावं दार सताड उघडं ठेवून गाडी मागं मागं घेतली, ओट्याचा कोपरा बरोबर दाराच्या जागेत आला, मध्ये एक फळी टाकली आणि केवळाबाई बसल्या बसल्या सरकत सीटवर गेली. ना वाकणं, ना चढणं. दवाखान्याच्या मागच्या दाराशीही एक ओटा निघाला, उंचीला थेट घरच्यासारखा. त्या दिवशी व्यंकटरावाला वाटलं, देव आहे.

पण त्याच दिवशी परतताना चाकूरच्या पुढं एका खड्ड्यात गाडी आपटली आणि केवळाबाई "अगं माय" म्हणाली नाही. तिनं नुसता श्वास आत ओढला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. व्यंकटरावानं गाडी बाजूला घेतली. तो खाली उतरून विनाकारण टायर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो उदगीरला शरणप्पाच्या दारात. शरणप्पा म्हणजे लोखंडाशी बोलत असल्यासारखा माणूस. माणसांशी कमीच बोलायचा. व्यंकटरावानं सांगितलं, गाडी मऊ करून द्या. शरणप्पानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला की मऊ पाहिजे तर दुसरी कमान घालू, जास्त गोल, झुलणारी. पण तशी कमान घातली की गाडी वर उठणार, चार बोटं तरी.

व्यंकटरावानं खिशातून दोरी काढली. पांढरी सुती दोरी, दोन गाठी मारलेली. एक गाठ जमिनीला, दुसरी ओट्याच्या काठाला. ती त्यानं सीटपाशी लावून दाखवली.

"एक बोटभर बी वर जायला न्हाई पायजे," तो म्हणाला. "तिला पाय उचलता येत न्हाई."

"मग ओटा उंच करा की."

"घरचा करीन. दवाखान्याचा कोण करू दिऊन राहिलंय मला?"

शरणप्पानं दोरी पुन्हा लावून बघितली. मग "आयतु" म्हणाला, म्हणजे ठीक आहे, बघू. त्याच्या तोंडात कानडी यायची. त्यानं सांगितलं की उंची न वाढवता एकच करता येईल, जादा टाकलेले पाटे काढता येतील. तेच पाटे, ज्यांच्यासाठी व्यंकटराव चौकात लोकांना गाडीच्या मागं घेऊन जायचा. शरणप्पानं विचारलंही, काढले तर गाडी वाकेल, चालेल का?

"वाकू द्या," व्यंकटराव म्हणाला.

दिवसभर काम चाललं. पाटे उतरवले, राहिलेल्यांच्या मध्ये ग्रीस भरलं, झिजलेली रबरं बदलली, चारी शॉकअप नवे टाकले, टायरातली हवा उतरवली. संध्याकाळी दोरी लावली तर सीट ओट्याच्या किंचित खालीच. व्यंकटराव खुश झाला. खाली गेलेलं गोधडीची घडी घालून भरता येतं. वर गेलेलं मात्र कापून टाकता येत नाही. परतीच्या वाटेवर त्यानं शेजारच्या सीटवर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला, केवळाबाई बसते तिथंच. घरी पोचला तेव्हा तांब्यात अर्धंच पाणी उरलं होतं, आणि सीट भिजली होती. तो बराच वेळ त्या ओल्या सीटकडं बघत बसला.

फोन केला तर शरणप्पा म्हणाला, गाडी रिकामी आहे म्हणून उडते. तिच्या पाठीवर वजन टाका, म्हणजे ती रस्त्याला धरून बसेल. उभा जन्म भरलेली गाडी हाकणाऱ्याला हे ठाऊक नसावं? ठाऊक होतंच. केळी भरून नेताना गाडी कशी डुलत जाते आणि रिकामी परतताना कशी उड्या मारते, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. पण काळजीनं माणसाचं डोकं चालेनासं होतं, तसं त्याचं झालं होतं.

व्यंकटराव वाळूची पोती भरतो म्हणाला तेव्हा शेजारचा शेषेराव ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. शेषेराव अंगानं दांडगा, बोलण्यानं त्याहून दांडगा. तो उखडलाच. "वाळू कामून? आमी काय मेलाव का?" म्हणाला. आणि तसंही आमच्याकडं कुणाला दवाखान्यात नेतात तेव्हा निम्मं गाव बरोबर निघतंच. कुणाला भेटायचं असतं, कुणाला सोबत द्यायची असते, कुणाला लातुरात जाऊन नुसता चहा प्यायचा असतो. त्या गर्दीचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग होणार होता.

मंगळवारी गाडी भरली. केवळाबाई सरकत सीटवर बसली, मग मागं माणसं चढली. व्यंकटरावानं त्यांना मालासारखं लावलं: शेषेराव मधोमध चाकांच्या वर, बारीक माणसं कडेला, त्याची बायको चतुराबाई आणि बाकीच्या बाया पुढं. शेषेरावाला ज्या जागी बसवलं तिथून हलायची मनाई होती आणि त्याबद्दल तो सबंध वाटभर कुरकुरत होता. पण गाडी! गाडी अशी गेली की व्यंकटरावाला स्वतःच्याच हातांवर विश्वास बसेना. खड्ड्यात उतरायची तीही हळूच, बाहेर यायची तीही हळूच. मागं बकरीच्या भावावरून भांडण लागलं होतं, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, आणि केवळाबाई अहमदपूरच्या पुढं चक्क झोपली. कितीतरी दिवसांनी झोपली. व्यंकटरावाचे डोळे भरून आले आणि त्याला रस्ता दिसेना, म्हणून त्यानं गाडी आणखी हळू केली.

हे चार-पाच मंगळवार टिकलं. मग सोयाबीन काढायला आलं. लोक वाईट नव्हते. पण पीक कुणासाठी थांबत नाही आणि दुखणं कुणासाठी संपत नाही. पुढच्या खेपेला निम्मी माणसं, त्याच्या पुढच्या खेपेला शेषेराव आणि चतुराबाई, आणि मग एका मंगळवारी सकाळी ओट्यासमोर कुणीच नाही. शेषेराव येऊन मान खाली घालून सांगून गेला की मळणीयंत्र आजच मिळालंय. व्यंकटराव म्हणाला, त्यात काय एवढं. मग त्यानं ओढ्यातून वाळू आणली, खताच्या रिकाम्या पोत्यांत भरली आणि माणसांच्या जागी लावली. मधोमध सगळ्यात मोठं पोतं.

वाळू माणसांपेक्षा शहाणी निघाली. हलत नाही, भांडत नाही, लातुरात हरवत नाही. गाडी तशीच मऊ चालली. पण लोह्याच्या पुढं आल्यावर केवळाबाईनं विचारलं, "आज मागं कोन कोन हाय?" तिला पट्टा बांधलेला, मान वळवता येत नव्हती, आणि पाठीमागच्या काचेला गोधडी लावलेली. व्यंकटरावाच्या जिभेवर वाळू हा शब्द आला होता. तो बाहेर पडेना.

"शेषेराव हाय," तो म्हणाला. "चतुराबाई हाय. बाकी बी हायत."

"बोलंनात कुनी."

"झोपलेत. रातच्याला काम करून आलेत समदे."

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. व्यंकटरावाला वाटलं, निभावलं. एकदा निभावलं म्हटल्यावर तो त्यातच अडकला. दर मंगळवारी ती विचारायची आणि दर मंगळवारी हा नावं सांगायचा. घोटाळा होऊ नये म्हणून त्यानं कुठलं पोतं कोण हेही मनाशी पक्कं केलं. मोठं ते शेषेराव. कडेचं, तोंड नीट न बांधलेलं, ते चतुराबाई. गतिरोधक आला की तो खिडकीतून मागं तोंड करून "शेषेराव, धरून बसा" असंही म्हणायला लागला. पुढं मळण्या संपल्या, हरभरा पेरून झाला, तरी लोक काही परत गाडीत चढले नाहीत. कुणी ठरवून टाळलं नाही. सवय मोडली ती मोडली. व्यंकटरावानंही कुणाला म्हटलं नाही. मागायला गेलो आणि नाही म्हणाले तर पुढच्या मंगळवारी कुठल्या तोंडानं त्यांचं नाव सांगू, असं त्याला वाटायचं.

एक गोष्ट त्याला खात होती. एकदा डॉक्टर एकटे सापडले तेव्हा त्यानं विचारून घेतलं की इतकी वर्षं त्या टणक गाडीत बसून हिची पाठ अशी झाली का. डॉक्टर म्हणाले, नाही हो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं दुसऱ्या डॉक्टरला विचारलं. तेही तेच म्हणाले. दोघंही भले आहेत म्हणून खोटं बोलतात, असं त्यानं ठरवून टाकलं आणि घरी येऊन पुन्हा पाट्यांना ग्रीस लावलं.

थंडी सरत आली तशी केवळाबाई सीटवर दिसेनाशी व्हायला लागली, इतकी वाळली. फळीवरून सरकायला तिला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ लागे. एका मंगळवारी डॉक्टरांनी व्यंकटरावाला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, आता आणू नका. प्रवासाचा उगीच त्रास. घरीच ठेवा, दुखायच्या गोळ्या देतो, जे खावंसं वाटेल ते द्या. व्यंकटरावानं ऐकलं, आणि त्याला एवढंच कळलं की प्रवासाचा त्रास होतोय.

"साहेब, गाडी अजून मऊ करतो मी," तो म्हणाला. "उदगीरला मिस्त्री हाय माझा. करून देतंय तो."

डॉक्टर खुर्चीतून उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हा व्यंकटरावाला सगळं कळलं. तो बाहेर आला, ओट्याशी गाडी लावली, फळी टाकली. केवळाबाईला म्हणाला की डॉक्टर म्हणाले, बरं आहे. परतताना नेहमीच्या रसवंतीवर थांबून तिला अर्धा ग्लास रस पाजला.

पुढचा मंगळवार उजाडला. आठवडाभर तो कसं सांगावं याचा विचार करत होता आणि सांगितलं नव्हतं. सकाळी बाहेर आला तर केवळाबाई ओट्यावर येऊन बसलेली. केस स्वतः विंचरलेले, पिशवी मांडीवर. निघायचं ना, म्हणाली. आता काय करावं? नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. त्यानं मुकाट्यानं दार उघडं ठेवून गाडी मागं घेतली, फळी टाकली, ती सरकली. गाडी गावाबाहेर पडली. लातूरला जायचं नव्हतं आणि दुसरीकडं कुठं जायचं हे माहीत नव्हतं, म्हणून तो नेहमीच्याच रस्त्यानं, नेहमीपेक्षा हळू चालला.

"आज मागं कोन कोन हाय?" तिनं विचारलं.

"शेषेराव हाय. चतुराबाई..."

"शेषेराव आत्ता वावरात गेला पान्याच्या मोट्रीकडं," ती म्हणाली. "ओट्यावरून मला राम राम करून गेला. दर मंगळवारी करतंय."

व्यंकटरावाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला.

"तुमी नावं घेत होता ते बरं वाटायचं," ती म्हणाली. "म्हनून इचारायचे मी. आन् नर्स दर बारीला म्हनायची, पुढच्या मंगळवारी या. ह्या बारीला न्हाई म्हनली. काळजी घ्या म्हनली."

"मग कामून तयार होऊन बसलीस?"

"घरात निजून आढं किती बघू? आन् गाडी तुमी लई मऊ केलीत. चालवा आजून थोडी."

त्यानं चालवली. अहमदपूरपर्यंत नेली, तिथून वळवली, रसवंतीवर थांबला. तिनं दोन घोट घेतले आणि ग्लास त्याला दिला. परतताना ती झोपली नाही. बाहेरचा हरभरा बघत बसली. एका खड्ड्यात गाडी हळूच उतरून हळूच वर आली तेव्हा ती सवयीनं "अगं माय" म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं. मग व्यंकटराव रडायला लागला. तिनं त्याला रडू दिलं.

त्यानंतर ती गाडीत बसली नाही. शिमग्याच्या आधी गेली, घरीच, दुपारी, पुनमच्या मांडीवर डोकं ठेवून. गाव सगळं आलं. ओट्यासमोर उभं राहायला जागा नव्हती.

उन्हाळा लागला तसे अर्धापूरचे व्यापारी फोन करायला लागले. केळी तयार आहे, गाडी कधी आणता. न जाऊन पोट भरणार नव्हतं. व्यंकटराव उदगीरला गेला आणि शरणप्पाच्या दारात गाडी लावली. मागं वाळूची पोती तशीच, मधोमध मोठं. शरणप्पानं ती बघितली. त्याला कळलं होतं. त्यानं कोपऱ्यातून जुने जादा पाटे काढले. जपून ठेवले होते, पुसून. आपल्या हातांनी त्यानं पोती उतरवली, पाटे परत चढवले, नट आवळले. गाडी मागून पुन्हा ताठ उभी राहिली, चौकात दाखवण्यासारखी.

मग पाना बाजूला ठेवून शरणप्पानं सवयीनं हात पुढं केला आणि दोरी मागितली. व्यंकटराव बाकड्यावर बसून होता. त्याचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आता किती बी वर गेली तरी चालतंय."